सेल्फ मारण्यापूर्वी

मोटारीचा सेल्फ दिवसाकाठी दोन-चार सेकंद काम करतो. सकाळी निघताना एकदा, पेट्रोल भरल्यावर एकदा, भाजी घेऊन परतताना एकदा. उरलेला सगळा वेळ तो इंजिनाच्या कुशीला टांगलेला असतो. इंजिन तापलं की तापतो, गाडी हादरली की हादरतो, चिखल उडाला की अंगावर घेतो. ब्रेक, क्लच, टायर ह्यांची चौकशी कोणी ना कोणी अधूनमधून करतं. सेल्फची आठवण तो बंद पडल्यावरच होते, आणि तेव्हाही पहिली शिवी बॅटरी खाते.

असा हा भाग बदलायचा तर कोणता घ्यावा, ह्या प्रश्नावर माझ्या साडूंनी एका उन्हाळ्याचा बराच भाग खर्च केला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, वाटलं. "ह्यापेक्षा कमी विचार करून आम्ही हे घर घेतलं," असं त्या चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या. साडूंनी शांतपणे उत्तर दिलं, "घराच्या बाबतीत निवडच नव्हती."

साडू बर्मिंगहॅमजवळ राहतात. भूलतज्ज्ञ म्हणून तिथल्या सरकारी इस्पितळात त्यांची हयात गेली. माणसांना झोपवायचं आणि ठरल्या वेळी सुखरूप जागं करायचं, ह्या कामात आपल्या हातून कधी कसूर झाली नाही, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी १९६५ सालची एमजीबी घेतली, आणि जागं करण्याचा व्यवसाय पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

एमजीबी ही दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची गाडी. ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅराजेस'ची आद्याक्षरं तिच्या नावात आहेत. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला असलेल्या ॲबिंग्डन गावात १९६२ पासून १९८० पर्यंत ती बनत राहिली, आणि पाच लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मुबलक मिळतात. १९८८ पासून तर तिची कोरी करकरीत बॉडीसुद्धा पुन्हा बनू लागली. मनात आणलं आणि बायकोने मनावर घेतलं नाही, तर अख्खी गाडी सुट्या भागांतून उभी करता येईल. भाग मिळत नाहीत ही जुन्या गाडीवाल्यांची नेहमीची रड. एमजीबीवाल्यांची रड नेमकी उलटी. प्रत्येक भाग चार तऱ्हांनी मिळतो, आणि मग ठरवावं लागतं.

बॉनेट उघडलं तेव्हा मला आतली मंडळी अनोळखी वाटली नाहीत. इंजिन बी-सिरीजचं, १७९८ सीसीचं. ह्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनणाऱ्या आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये कित्येक वर्षं होतं. म्हणजे ज्या गाडीतून आपले जिल्हाधिकारी दौऱ्यावर जात, आणि ज्या गाडीतून इंग्लंडातली तरुण जोडपी गळ्यातले रुमाल उडवत समुद्रावर जात, त्या दोहोंच्या पोटात चुलत भावंडं होती. साडूंना हे नातं फारसं रुचत नाही. मी ॲम्बॅसेडरचं नाव काढलं की ते म्हणतात, "अहो, ह्याला दोन कार्बोरेटर आहेत." एकदा तर त्यांनी ते बोटाने मोजूनही दाखवले.

त्या काळच्या एमजीबीतला सेल्फ जुन्या पद्धतीचा, बेंडिक्सचा. व्हिन्सेंट बेंडिक्स नावाच्या अमेरिकन माणसाने ही युक्ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोटारींत रूढ केली. मोटरच्या दांड्यावर आटे पाडलेली एक बाही असते, आणि त्या आट्यांवर छोटंसं दातेरी पिनियन सैल बसवलेलं असतं. चावी फिरवली की दांडा गरकन फिरतो. पिनियन जड, ते म्हणतं, थांबा, एवढी काय घाई आहे. दांडा पुढे जातो, पिनियन मागे राहतं, आणि ह्या मागे राहण्यामुळेच ते आट्यांवरून सरकत जाऊन फ्लायव्हीलवरच्या रिंगच्या दात्यांत घुसतं. तिथे आट्यांची वाट संपते. मग मात्र त्याला फिरावंच लागतं, आणि त्याच्याबरोबर इंजिनालाही. इंजिन पेटलं की रिंग पिनियनपेक्षा जोरात पळू लागते आणि त्याला आल्या वाटेने परत भिरकावून देते. पिनियनला ढकलायला ना कुठली कळ, ना कुठला दट्ट्या. सगळा कारभार निव्वळ जडपणावर. आळसाचा इतका उत्तम विनियोग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. हा गुण आपल्याकडच्या कचेऱ्यांतही मुबलक आहे. फक्त आटे पाडायचे राहून गेले.

साडूंच्या गाडीतलं पिनियन कधी रिंगपर्यंत पोचतच नसे, आणि मोटर एकटीच 'घुंईईं' करत फिरे. कधी पोचे आणि दात्यांत अडकून बसे. मग सगळीकडे शांतता. अडकल्यावर उपाय दोन. एक, टॉप गिअर टाकून गाडी मागेपुढे हलवायची. दुसरा, गाडीखाली शिरून मोटरच्या शेवटची छोटी टोपी काढायची आणि आत दिसणाऱ्या चौकोनी टोकाला पाना लावून दांडा फिरवायचा. म्हणजे हा प्रसंग कधी ना कधी येणार, हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं, आणि त्याने दांड्याचं टोक मुद्दाम चौकोनी ठेवलं होतं. ह्याला मी सभ्यता म्हणतो. आजच्या गाडीत अशा वेळी एक पिवळा दिवा लागतो आणि अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधण्याची सूचना येते. पान्याचं नावही निघत नाही.

हा सेल्फ ल्यूकसचा. इंग्रजी गाड्या आणि ल्यूकसची वीज ह्यांवर त्या देशात इतके विनोद आहेत की एखाद्या पाहुण्याला ती कंपनी विनोदच बनवत होती असं वाटावं. जोसेफ ल्यूकसना लोकांनी 'अंधाराचा राजपुत्र' ठरवलं. इंग्रज लोक कोमट बिअर का पितात, तर त्यांचे फ्रिज ल्यूकसचे असतात. दिव्याच्या बटणाला तीन जागा: मिणमिण, लुकलुक आणि बंद. साडू हे विनोद स्वतः रंगवून सांगतात, पण दुसऱ्याने सांगितले की त्यांचा चेहरा उतरतो. माझं मत असं की ल्यूकसवर अन्याय झाला. देशातल्या बहुतेक गाड्यांना वीज एकट्याने पुरवली, तर देशातल्या बहुतेक गाड्यांचा अंधारही एकट्याच्याच नावावर जमा होणार. आणि साठीला टेकलेली मोटर थकली, तर त्यात कारखान्याचा काय दोष?

हे जोसेफ ल्यूकस १८६० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या हॉक्ली भागात हातगाडीवरून रॉकेल विकत असत. पुढे ते कंदील विकू लागले, मग जहाजांवरचे आणि सायकलींचे दिवे बनवू लागले, आणि पुढच्या पिढ्यांनी मोटारींचं सगळं विजेचं सामान बनवलं. आता गंमत पाहा. बेंडिक्सचे आटे कुरकुरू लागले तर त्यांना तेल लावायचं नसतं, कारण तेलावर क्लचची धूळ बसते आणि पिनियन आणखीच चिकटतं. ते रॉकेलने धुवायचे आणि कोरडे ठेवायचे, असं जुन्या माहितीपुस्तकांत सांगितलेलं असतं. ज्या घराण्याने रॉकेल विकून दिवस काढले, त्याचा सेल्फ आजही रॉकेलनेच ताळ्यावर येतो.

साडूंनी तो रॉकेलने धुतला. आठवडाभर बरा चालला, मग पुन्हा घुंईईं. ते सेल्फवर लगेच ठपका ठेवणारे नव्हेत. रोग्याला तपासल्याशिवाय औषध नाही. आधी वायरी. ह्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटांच्या मागे जमिनीखाली ठेवलेल्या असतात, आणि तिथून नाकाकडच्या इंजिनापर्यंत वीज लांबलचक केबलने येते. वाटेतला एखादा सांधा गंजला तरी सेल्फपर्यंत निम्मा जोर पोचतो. त्यात इंजिन रबरावर बसवलेलं, म्हणून इंजिनापासून बॉडीला जोडणारी एक विणलेली अर्थची पट्टी लागते. ती सैल झाली की वीज दुसरी वाट शोधते, आणि बऱ्याचदा तिला सापडते ती चोकची केबल. सेल्फ मारल्यावर चोकचा दांडा हाताला गरम लागला, तर समजावं की शेकडो ॲम्पिअरची वीज ह्या बिचाऱ्या तारेतून घरी जाते आहे. साडूंनी चोक चाचपला. थंड होता. व्होल्टमीटरने सांधे मोजले. निर्दोष. मग त्यांनी सेल्फ उतरवला, आणि त्या घटनेचं वर्णन मी करणार नाही. बोल्ट दोनच असतात. वरचा हाताला लागतो पण पान्याला लागत नाही, आणि खालचा पान्याला लागतो पण डोळ्यांना दिसत नाही. एवढंच.

उतरवल्यावर निदान झालं. दोन्ही टोकांचे बुश झिजले होते, आर्मेचर आतल्या पोलांना घासत होतं, कार्बन संपत आले होते. म्हणजे आता खरेदी.

वाटा चार निघाल्या. पहिली, आपलाच सेल्फ कुणाकडून तरी नीट करून घेणे. दुसरी, तिकडची रूढ पद्धत: आपला जुना दुकानात द्यायचा आणि दुसऱ्या कुणाचा तरी, दुरुस्त करून रंगवून ठेवलेला, घेऊन यायचा. ही वाट साडूंनी ऐकताक्षणी बंद केली. ल्यूकसच्या भागांवर क्रमांकाशेजारी बनवल्याच्या तारखेचा ठसा असतो, आणि ह्यांच्या सेल्फवर १९६५ चा होता. दुकानातून १९६३ चा आला तर? मी विचारलं, "तो ठसा बघणार कोण? गाडी उलटी केल्याशिवाय तो दिसत नाही." ते म्हणाले, "मला ठाऊक असेल ना."

तिसरी वाट पुढच्या मॉडेलची. १९६७ च्या अखेरीपासून एमजीबीत नव्या पद्धतीचा सेल्फ आला. त्यात पिनियनला पुढे ढकलायला सोलेनॉइड मोटरच्याच पाठीवर असतो. आधी दाते दात्यांत नेऊन बसवायचे, मग मोटर फिरवायची. आदळआपट नाही. पण तो जुन्या इंजिनाला तसाच बसत नाही. मागची पत्र्याची प्लेट वेगळी, रिंगचे दाते वेगळे, आणि हे बदलायचं तर इंजिन खाली उतरवावं लागतं. घंटा बदलायला देऊळ पाडण्याचा हा प्रकार. साडू काही क्षण मोहात पडले होते. ताईंनी इंजिन ठेवणार कुठे एवढंच विचारलं.

चौथी वाट म्हणजे आजकालचा गिअरवाला सेल्फ. ल्यूकसचा सात-आठ किलोंचा, तर हा जवळपास निम्म्या वजनाचा. आत छोटी मोटर प्रचंड वेगाने फिरते आणि मधले गिअर तिचा वेग उतरवून जोर वाढवतात. वीज कमी खातो, इंजिन जोरात फिरवतो, थंडीत रडत नाही, पिनियन अडकत नाही. किंमत जास्त, पण कुठल्याही शहाण्या माणसाने डोळे मिटून घ्यावा असा. फक्त दोन गोष्टी विचारून घ्यायच्या. एक म्हणजे तो नेमका कुठल्या रिंगसाठी आहे, कारण पिनियन कुठल्या बाजूने येतं आणि दात्यांच्या कडा कुठल्या बाजूने घासलेल्या आहेत ह्यांचा मेळ लागतो. आणि दुसरं, आत कायमचे चुंबक आहेत का. १९६५ ची एमजीबी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली. जुन्या ल्यूकसला त्याचं सोयरसुतक नसतं: त्याचे चुंबकही विजेवर चालणारे, तेव्हा बॅटरी उलटी जोडली की आर्मेचर आणि चुंबक दोन्ही एकदम उलटतात आणि मोटर पूर्वीच्याच दिशेला फिरत राहते. कायमच्या चुंबकाची मोटर मात्र सरळ उलटी फिरू लागेल. साडूंनी हे मला दोन्ही हात हवेत फिरवून समजावलं. ताई खिडकीतून पाहत होत्या.

गिअरवाला सेल्फ नमुना म्हणून एका परिचिताकडून हातात आला, तेव्हा साडूंनी तो तळहातावर तोलला आणि म्हणाले, "एवढासा?" ही शंका जुनी आहे. मोटारीचं इंजिन विजेच्या मोटरने फिरवायचं तर मोटर फार मोठी लागेल, असंच सुरुवातीला लोकांना वाटे. चार्ल्स केटरिंग ह्या इंजिनिअरला तसं वाटलं नाही, कारण तो आला होता दुकानाच्या गल्ल्यातून. डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना त्याने गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याच्या मोटरला सतत चालायचं नसतं. गिऱ्हाइकाने पैसे दिले की क्षणभर जोर लावायचा आणि पुन्हा स्वस्थ बसायचं. क्षणभरासाठी छोट्या मोटरवर कितीही भार टाकला तरी तिला तापायला वेळच मिळत नाही. हेच गणित त्याने मोटारीला लावलं, आणि १९१२ ची कॅडिलॅक सेल्फवर सुरू होऊ लागली. गल्ल्याचं आणि गाडीचं नातं असं पहिल्यापासूनचं आहे. पुढे ते गॅरेजवाल्यांनी जपलं.

त्याआधी हँडल होतं. आपल्याकडे ॲम्बॅसेडरला आणि फिॲटलाही ते होतं, आणि मारायला शिकवणारा पहिला धडा अंगठ्याचा देई: अंगठा मुठीत गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जायला हवं. ज्यांनी हे ऐकलं नाही, त्यांच्या मनगटाजवळचं हाड मोडण्याच्या एका प्रकाराला इंग्रजी वैद्यकाच्या पुस्तकांत आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. साडूंनी असे रोगी पाहिले होते, पण ते सगळे हातावर पडलेले. शोफर एकही नव्हता, असं ते जरा खेदाने म्हणाले.

तर मग अडलं कुठे? साडू कारणं देत होते. नव्या गिअरांचं आयुष्य किती, सोलेनॉइड दोन झाले तर वायरिंग कसं, जुन्या सोलेनॉइडवरचं ते रबरी बटण वाया जाईल का. हे बटण खरंच लोभस आहे. बॉनेटखाली कडेला बसवलेल्या त्या सोलेनॉइडवर रबराची टोपी असते; इंजिनापाशी उभं राहून ती अंगठ्याने दाबली की सेल्फ फिरतो, आत बसून चावी फिरवायला कुणाला हाका माराव्या लागत नाहीत. पण ह्या एकाही कारणात दम नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. एका संध्याकाळी ते म्हणाले, "तुम्ही त्याचा आवाज ऐकलाय का?"

जुना सेल्फ आधी 'खट्ट' करतो. पिनियन रिंगवर आदळल्याचा तो आवाज. मग 'गर्र... गर्र... गर्र', प्रत्येक सिलिंडरची दाबणी आली की कण्हत. थंडीत हे कण्हणं लांबतं, ऐकणाऱ्याचा जीव खालीवर होतो, आणि इंजिन पेटतं तेव्हा पिनियन माघारी फेकलं जाताना शेवटचा एक 'छण्ण'. गिअरवाल्याचं सगळं एका सुरात. 'कुईईं', आणि पेटलं. त्या परिचिताच्या एमजीबीत बसून साडूंनी तो ऐकला होता. "डोळे मिटले तर वाटतं, शेजाऱ्यांची टोयोटा सुरू झाली," असं ते म्हणाले. ताई म्हणाल्या, "डोळे मिटून चालवू नका."

ह्या वादात मी एक लाकूड टाकलं. गिअरवाला सेल्फ आजचा नव्हे. अमेरिकेत क्रायस्लरने १९६२ च्या गाड्यांपासून तो वापरायला घेतला, आणि त्याच्या आवाजामुळे लोकांनी त्याला, कंपनीच्या गावावरून, 'हायलंड पार्कचा हमिंगबर्ड' असं नाव ठेवलं. एमजीबी बाजारात आली तीही १९६२ लाच. म्हणजे वयाने दोघे सारखेच. साडूंनी थोडा विचार केला. "पण ते अमेरिकेत," ते म्हणाले.

जुन्या गाडीवाल्यांचं हे मला फार आवडतं. बोलतात ॲम्पिअरमध्ये, ठरवतात कानाने. आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला कळत नाही. मूळपणाची पारख डोळ्यांनी करायची तर सेल्फ सुटला. तो कुणाला दिसतच नाही. पण चालत्या गाडीचा वेग येण्याआधी, वारा लागण्याआधी, गाडी पहिल्यांदा बोलते ती त्याच्या तोंडून. माणसाला आपल्या पैशाने घेतलेल्या गाडीचा पहिला शब्द निवडायचा हक्क असावा. फक्त तो गिअरांच्या आयुष्याच्या नावाखाली मागू नये.

मधे मी नाना पेठेतल्या माझ्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात ॲम्बॅसेडर भरपूर होत्या त्या काळात त्यांनी सेल्फ भरण्यात हात बसवलेला. एमजी त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही. साडूंनी कॅमेरा सेल्फवर धरला. मिस्त्री म्हणाले, "बुश गेलेत. त्यात काय नाय. रिंग बघितली का, साहेब?"

"रिंग?"

"चार सिलिंडर ना? मग इंजिन बंद होताना ठरलेल्या दोनच जागी थांबतं. पिनियन रोज तिथंच मारतं. रिंग दोनच जागी खाल्लेली असणार. ती खाल्ली असेल तर सोन्याचा सेल्फ बसवा, फरक नाय पडायचा."

साडूंनी टॉर्च आणली. सेल्फ काढलेल्या भोकातून रिंग दिसते. मी इंजिन हाताने हळूहळू फिरवत गेलो आणि ते दाते बघत गेले. खरंच दोन जागा होत्या, समोरासमोर, कडा थोड्या बोथट झालेल्या. मिस्त्रींनी त्या पडद्यावर पाहून सांगितलं, "चालंल अजून. फार झालं तर रिंग तापवून काढायची, पाव वळसा फिरवून परत बसवायची." एवढ्या साध्या वाक्यात गिअरबॉक्स उतरवण्याचं काम लपलेलं होतं. साडू मात्र भारावले होते. इस्पितळात असं निदान करणारा माणूस त्यांना कधी भेटला नसावा.

निकाल शेवटी ताईंनी लावला, कारण गाडी खरी चालवतात त्या. साडू ती धुतात, पुसतात, तिच्याखाली झोपतात. बॅडमिंटनला, वाचनालयात आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना ती नेतात ताई. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून परतताना पिनियन अडकलं, आणि काठापदराच्या साडीत पार्किंगच्या मध्यात गाडी मागेपुढे हलवायला चार बायकांना बोलवावं लागलं, ह्याचा उल्लेख त्यांनी उन्हाळाभर केला नव्हता. तो त्यांनी आता केला. मग म्हणाल्या, "अहो, मला ऐकायचं नाहीये. मला जायचंय."

गिअरवाला सेल्फ आला. बसवताना वरच्या बोल्टवर पूर्वीचेच शब्द खर्च झाले. ताईंनी चावी फिरवली, 'कुईईं' झालं, आणि त्या बाजारात निघूनही गेल्या. साडू पाना हातात धरून उभे होते. म्हणाले, "वाईट नाही. पण ऐकायला काही उरतच नाही." मग जुना सेल्फ त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रींनीच भरलेला हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. नवा ताईंसाठी. जुना घरात असला म्हणजे झालं; मेळाव्याला न्यायच्या दिवशी बदलता येईल. त्या वरच्या बोल्टचा त्यांना इतक्यात विसर पडला होता.

मुंबईला कस्टमच्या साहेबांनी बॅग उघडायला लावली. पिशव्यांत, मोज्यांत आणि एका लोकरी स्वेटरात गुंडाळलेलं ते लोखंडी नळकांडं बाहेर निघालं. साहेब वयस्कर होते. त्यांनी ते हातात घेऊन फिरवलं, पिनियन अंगठ्याने आट्यांवरून सरकवून पाहिलं, आणि चेहरा एकदम मऊ झाला. "अहो, हा तर ॲम्बॅसेडरचा!" हे मी साडूंना कळवलेलं नाही.

नाना पेठेत मिस्त्रींनी तो दोन दिवसांत भरला. कम्युटेटर लेथवर फिरवला, कार्बन नवे टाकले. साडूंनी लेखी सूचना पाठवली होती की ब्राँझचे बुश बसवण्याआधी चोवीस तास तेलात भिजवावेत. मी ती वाचून दाखवली. मिस्त्रींनी फळीवरून डालड्याचा जुना डबा काढला. आत काळ्या तेलात बुश पडलेले. "हे गेल्या दिवाळीपासून भिजतायत," ते म्हणाले. मग फुटपाथवरच बॅटरी लावली, सेल्फ उसळू नये म्हणून त्यावर पाय दिला आणि वायर टेकवली. 'खट्ट', आणि घुंघावत सुटला. मी ते मोबाइलवर टिपून इंग्लंडला पाठवलं. लगेच उत्तर आलं: सूर जरा वरचा वाटतो, बुश कोणत्या मापाचे घातले ते विचारा. मिस्त्री तोवर एका रिक्षाच्या वायरिंगमध्ये डोकं घालून बसले होते. तिथूनच म्हणाले, "मोकळा सेल्फ वेगळा वाजतो, गाडीतला वेगळा. त्यांना म्हणावं, बसवल्यावर बोला."

बसवायचा तर आधी पोचायला हवा. ताई डिसेंबरात येतायत, आणि परत जाताना त्यांनी तो न्यावा असं साडूंनी सुचवून पाहिलं. त्यांच्या तेवीस किलोंची वाटणी गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, कोकम आणि भाचीच्या लग्नाच्या साड्या ह्यांच्यात आत्ताच झालेली आहे, असं कळतं. तूर्त सेल्फ आमच्या दिवाणाखाली आहे.